टिपकीचं कौल

खाडीच्या काठी एक घर. घराचं नाव किलबिलघर. ज्यांचे आईबाबा जवळ नाहीत, अशी खूपशी मुलं तिथे राहतात. एकत्र जेवतात, एकत्र भांडतात, एकत्र झोपतात.

अंगणात एक खुराडं. खुराड्यात एक कोंबडीचं पिल्लू. एवढंस्सं! पिवळं पिवळं, पाठीवर एक काळा ठिपका. म्हणून नाव टिपकी. टिपकीलाही आई नव्हती. मुलांनीच तिला कण्या भरवल्या. म्हणजे टिपकीसुद्धा किलबिलघरातलीच की नाही?

एक दिवस वादळ आलं. घूं घूं घूं! माड वाकले. झाडं पडली. किलबिलघराची कौलं उडाली. खळ्ळ! फट्! खळ्ळ!

वादळ गेलं. मुलं ठीक. टिपकीही ठीक. पण खुराड्यावरचं कौल कुठे? एकच तर कौल होतं. तेच उडालं!

टिपकीने वर पाहिलं. वर नुसतं आभाळ. आणि कडेला दोन हिरवे डोळे. गबदू बोका!

"म्यांव," बोका म्हणाला. "बरं झालं. आता छान दिसतेस. अंधार पडला की येतो हं."

टिपकी निघाली. टुकू टुकू टुकू.

तातूकाका कौलं लावतो. तो कौलांच्या ढिगावर बसला होता.

"तातूकाका, तातूकाका!
कौल नाही, मी उघडी,
बोका बघतो घडीघडी.
कौल लाव ना!"

काका म्हणाला, "लावीन की! पण शिडी मोडलीय. आधी शिडी, मग कौल. जा, मुकुंदमामाला सांग."

टिपकी निघाली. टुकू टुकू टुकू.

मुकुंदमामा सुतार. तो पडलेल्या माडावर बसला होता.

"मुकुंदमामा, मुकुंदमामा!
शिडी नाही, म्हणून काका कौल लावेना.
कौल नाही, मी उघडी,
बोका बघतो घडीघडी.
शिडी जोड ना!"

मामा म्हणाला, "जोडीन की! पण सकाळपासून चहा नाही. चहाशिवाय माझा हातोडा खिळ्यावर पडत नाही, बोटावर पडतो. आधी चहा, मग शिडी. जा, हौसामावशीला सांग."

टिपकी निघाली. टुकू टुकू टुकू.

हौसामावशी सगळ्यांचा स्वयंपाक करते. ती पातेलं पालथं घालून पातेल्यावर बसली होती.

"हौसामावशी, हौसामावशी!
चहा नाही, म्हणून मामा शिडी जोडेना.
शिडी नाही, म्हणून काका कौल लावेना.
कौल नाही, मी उघडी,
बोका बघतो घडीघडी.
चहा टाक ना!"

मावशी म्हणाली, "टाकीन की! पण गॅस संपलाय. रस्त्यात झाडं आडवी, सिलिंडर यायचा कसा? आता चूलच हवी. आधी चूल, मग चहा. जा, भागीआजीला सांग."

टिपकी निघाली. टुकू टुकू टुकू.

भागीआजी चुली घालते. तिच्यासारखी चूल गावात कुणाची नाही. ती पायरीवर बसली होती.

"भागीआजी, भागीआजी!
चूल नाही, म्हणून मावशी चहा टाकेना.
चहा नाही, म्हणून मामा शिडी जोडेना.
शिडी नाही, म्हणून काका कौल लावेना.
कौल नाही, मी उघडी,
बोका बघतो घडीघडी.
चूल घाल ना!"

आजी म्हणाली, "घालीन की! पण माती कोण आणणार? माझी कंबर बघ. आई गं! माती नेहमी मुलं आणतात, आणि मुलं तर आत कोंडलीत. आधी माती, मग चूल. जा, मोठ्या बाईंना सांग."

टिपकी निघाली. टुकू टुकू टुकू. ऊन कलायला लागलं होतं. बोका मागून येत होता. हळू. अगदी हळू.

मोठ्या बाई किलबिलघर सांभाळतात. एकच खोली भक्कम राहिली होती. त्या खोलीत सगळी मुलं. खोलीला कडी. कडीपाशी खुर्ची. खुर्चीत मोठ्या बाई.

"मोठ्या बाई, मोठ्या बाई!
माती नाही, म्हणून आजी चूल घालेना.
चूल नाही, म्हणून मावशी चहा टाकेना.
चहा नाही, म्हणून मामा शिडी जोडेना.
शिडी नाही, म्हणून काका कौल लावेना.
कौल नाही, मी उघडी,
बोका बघतो घडीघडी.
दार उघडा ना!"

बाई म्हणाल्या, "उघडीन की! पण मुलांच्या डोक्यात काही पडलं तर? आधी कौल बसू दे, मग दार. जा, तातूला सांग."

टिपकी निघाली. टुकू टुकू... टुकू... टु...

"तातूकाका, तातूकाका!
दार बंद, म्हणून मुलं माती आणेनात.
माती नाही, म्हणून आजी चूल घालेना.
चूल नाही, म्हणून मावशी चहा टाकेना.
चहा नाही, म्हणून मामा शिडी जोडेना.
शिडी नाही, म्हणून काका कौल लावेना.
कौल नाही, म्हणून बाई दार उघडेनात.
दार बंद, म्हणून मुलं..."

टिपकी थांबली. डोळे गोल झाले. चोच उघडीच राहिली.

"अय्या! हे तर गोल आहे! गोल गोल गोल! फिरून फिरून तिथेच!"

काका म्हणाला, "मोठ्यांच्या कामात असंच असतं, बाळ. धीर धरावा."

झालं! टिपकी तडकली. पिसं फुलली. पिवळा चेंडूच झाला!

"चिव चिव चिव! तुम्ही सगळे मोठे, आणि सगळे बसलेले! मग मोठं होऊन करायचं काय? नुसतं बसायचं?"

काका ढिगावर बसूनच राहिला.

टिपकी तडक नळापाशी गेली. नळाखालची माती मऊ मऊ, ओली ओली. पिल्लांना काय येतं? उकरायला येतं!

खरड खरड खरड! एवढीशी माती निघाली. खरड खरड खरड! अजून एवढीशी.

खोलीच्या खिडकीत मुलं गोळा झाली. सगळ्यांत पुढे ओजू. ओजू सगळ्यांत लहान, पण आवाज सगळ्यांत मोठा.

"उकर, टिपके, उकर!"

"उकर, टिपके, उकर!" सगळी मुलं ओरडली.

भागीआजीने पायरीवरून मान वळवली. "अगं, काय करतेयस?"

"माती काढतेय! चुलीला!"

"शी, तिथली? त्यात खडे आहेत. चूल तडकेल ना!"

टिपकी थांबली नाही. खरड खरड खरड!

"अगं, तिकडे नको! इकडे उकर. चिकण माती इकडे आहे. इकडे म्हणतेय ना मी! छे बाई, या पोरीला काही येत नाही. सरक! सरक बघू!"

आणि आजी उठली. तरातरा आली. फावडं घेतलं. खच्च!

"आजी, कंबर?" ओजू खिडकीतून ओरडली.

"राहू दे गं कंबर!"

मग काय! माती आली, आजीने चूल घातली. थाप थाप थाप!
चूल आली, मावशीने चहा टाकला. धूर, धूर, धूर, आणि भस्स्!
चहा आला, मामा चहा प्यायला. फुर्रर्र!
मामाने शिडी जोडली. ठोक ठोक ठोक! बोटावर एकदाही नाही.
शिडी आली, काका शिडी चढला. कुई कुई कुई!

आता सूर्य खाडीत टेकला. बोका खुराड्यापाशी बसला. मिशा पुसत.

"तातूकाका, माझं कौल!"

"आधी घराचं छप्पर," काका वरून म्हणाला, "मग खुराड्याचं. मोठ्यांचं आधी, लहानांचं नंतर. तुझं उद्या."

"उद्या?" टिपकी एवढीशी झाली. आणखीनच एवढीशी.

"उद्या?" बोका हसला.

तेवढ्यात खिडकीतून ओजूचा आवाज आला. "तातूकाका! कौलं कुठून लावायला घेतात? वरून की खालून?"

"काय पोरगी आहे!" काका म्हणाला. "एवढंही माहीत नाही? खालून, ओजाबाई, खालून! सगळ्यांत खालचं कौल पहिलं. मग त्याच्यावर दुसरं. असं चढत चढत वर जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी शिरेल की आत!"

"मग सगळ्यांत खाली कोण आहे?"

काकाने खाली पाहिलं. मामाने खाली पाहिलं. मावशीने, आजीने, मोठ्या बाईंनी, सगळ्यांनी खाली पाहिलं.

सगळ्यांत खाली खुराडं.

"असं म्हणतेस होय?" काका म्हणाला. त्याने डोकं खाजवलं. मग तो उतरला. कुई कुई कुई! ढिगातलं एक लाल कौल उचललं. फुंकून धूळ उडवली. खुराड्यावर ठेवलं. खट्!

टिपकी खुराड्यात घुसली. वर आभाळ नाही. हिरवे डोळे नाहीत. नुसतं लाल लाल कौल!

"पण काका," ओजू म्हणाली, "शिडी तर लागलीच नाही!"

मामा कपात बघत बसला. कपात चहा नव्हता.

मग मोठ्या बाईंना हसू आलं. आधी थोडंसं. मग खूप. हसता हसता खुर्ची हलायला लागली.

"बाई, कौल बसलं!" मुलं ओरडली. "दार! दार! दार!"

"हो रे बाबांनो! तातू, वरची सुटी कौलं आधी उतरव बघू. पटकन." काकाने उतरवली. बाईंनी कडी काढली. दार उघडलं. करकर्र!

धुडूम! मुलं बाहेर. मुलांची रांग लागली. एकाने कौल दिलं, दुसऱ्याने घेतलं. दुसऱ्याने दिलं, तिसऱ्याने घेतलं. हातोहात, हातोहात, शिडीवरच्या काकापर्यंत. काका लावतोय. खट् खट् खट्! खालून वर, खालून वर. आणि बसलेलं? कुणीच नाही. मोठ्या बाईसुद्धा रांगेत!

गबदू बोका खुराड्यावर चढला. कौल हुंगलं. कौलाला फट नाही. दाराला फट नाही.

"कोण आहे रे वर?" आतून आवाज आला. "पाय पुसून बस हं. नवीन कौल आहे माझं!"

गोष्ट शिरली खुराड्यात, दार लागलं, खट्!
टिपकी निजली पंखात मान घालून, आता तुम्हीही निजा पटपट!