लाल फडके बांधलेला हंस

पूर्वी शृंगवती नावाच्या नगरीत मणिकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका सुताराच्या कुळात जन्म घेतला. त्याचे नाव वेणुगुप्त असे ठेवले गेले.

शृंगवती नगरी कड्याच्या अगदी टोकावर वसली होती. तिच्या पायाशी एवढी खोल दरी होती, की तळाची नदी वर्षातून थोडेच दिवस दिसे. एरवी दरी ढगांनी काठोकाठ भरलेली असे. सकाळी दार उघडावे, तर आपले घर दुधाच्या सायीवर उभे आहे असे वाटे. दरीपलीकडे दुसरा कडा होता आणि त्यावर गावे होती. पायवाटेने तिकडे जायला सहा दिवस लागत. वाटेत बिबट्यांची भीती आणि ओढ्यांचे पाणी. पण शृंगवतीच्या सुतारांना एक विद्या अवगत होती. सावरीचे हलके लाकूड, वेळूच्या फासळ्या आणि तलम कापड यांचे ते मोठाले हंस बांधीत. एका हंसात पाच माणसे आणि एक सारथी बसे. सकाळी दरीतला वारा वर चढू लागला की हंस कड्यावरून सुटे आणि ढगांवरून तरंगत घटकाभरात पलीकडे उतरे. संध्याकाळी वारा उलटला की तो परत येई. या हंसांच्या भरवशावर शृंगवतीच्या लोकांनी आपल्या मुली पलीकडच्या गावांत दिल्या होत्या.

हंसशाळेची एक जुनी रीत होती. पंख सरसाने सांधून झाला की तो दरीच्या तोंडाशी टांगीत, टोकाला वाळूची पोती बांधीत आणि पंधरा दिवस धुक्यात तसाच ठेवीत. सांधा टिकला, तर पंख बांधणारा सुतार त्याच्या मुळाशी आपली मुद्रा डागी. मुद्रा म्हणजे त्याचा शब्द.

त्या वेळी हंसशाळेचा अधिपती वज्रसेन होता. वेणुगुप्त त्याच्याच हाताखाली शिकला. वज्रसेन वाईट माणूस नव्हता. त्याला सगळे आकाश हंसांनी भरलेले पाहायचे होते, आणि त्याबद्दल बोलताना त्याचे डोळे पाणावत. खालच्या देशात कोणी चामड्याच्या पंखांची यंत्रे बांधू लागल्याचे कानावर आले, तेव्हा त्याने पंधरा दिवसांचे तीन दिवस केले.

"तुमचे हात आता बसलेत," तो म्हणाला. "परीक्षा नवशिक्याची घ्यायची असते."

सरस शिजवणारी मंदारा नावाची म्हातारी तेवढी बोलली, की तीन दिवसांत सरस मुरत नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला भुसा झाडायच्या कामावर घातले. वेणुगुप्ताने ते पाहिले. तिसऱ्या दिवशी त्याच्यासमोर पंख आला. त्याचा हात क्षणभर अडला, आणि मग त्याने मुद्रा डागली.

त्या वर्षी दोन हंस पडले. पहिला पडला तेव्हा वज्रसेन म्हणाला, वारा फिरला. दुसरा पडला तेव्हा तो म्हणाला, सारथी चुकला. हंस ढगांत शिरताना लोकांनी पाहिले होते. ढग जरासे हलले, पुन्हा मिटले. आवाज कसलाच आला नाही.

दुसऱ्या हंसाच्या सारथ्याचे नाव पिंगल. त्याची बायको रोहिणिका पाणवठ्यावर गेली की बायका आपल्या घागरी बाजूला ओढीत. शेवटी ती दूरच्या झऱ्यावर जाऊ लागली. हंसात बसायला मात्र आता कोणीच येईना. पलीकडच्या मुलींचे माहेर तुटले. संध्याकाळी त्या कड्यावर येऊन उभ्या राहत, आणि अलीकडून त्यांच्या लुगड्यांचे रंग तेवढे दिसत.

राजाने वज्रसेनाला दूर केले आणि वेणुगुप्ताला अधिपती नेमले.

वेणुगुप्ताने पहिल्याच दिवशी सर्व हंसांचे उड्डाण थांबवले आणि कमरेला दोर बांधून तो एकटा दरीत उतरला. ढगाच्या आत गेल्यावर वर-खाली असे काही उरले नाही. हात लांब केला तर बोटे दिसत नव्हती. कुठून तरी पाण्याचा आवाज येत होता, पण तो पायांखालून येतो की आपल्याच छातीतून, हे त्याला कळेना. तळाशी पोहोचला तेव्हा नदीकाठच्या गवतात पिंगलाच्या हंसाचा पंख पडलेला होता. झोपलेल्या पक्ष्याने अंग सैल सोडावे तसा. मोडलेला कुठेच नव्हता. मुळाशी तो नुसता सुटला होता. वेणुगुप्ताने सांध्यावर नख फिरवले. सरस मऊच होता. आणि शेजारी डागलेली मुद्रा त्याची स्वतःची होती.

तो तिथे किती वेळ बसला ते त्याला समजले नाही. नदी दोन हातांवर होती. पंख पाण्यात ढकलला असता तर संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्या राज्यात गेला असता. पाहणारे कोणी नव्हते, आणि वरून ढगांनी झाकण घातले होते. त्याच्या मनात आले, मी शिक्षा भोगत बसलो तर हंसशाळा कोण सुधारील? हा विचार इतका शहाणा वाटला, की त्यामुळेच तो घाबरला. त्याने पंखाचे मूळ कापून पाठीला बांधले आणि तो वर चढू लागला.

वर आल्यावर तो राजाकडे गेला नाही. आधी रोहिणिकेच्या दारात गेला. ती सुपात नाचणी पाखडत होती. त्याने पंखाचे मूळ तिच्यासमोर ठेवले.

"ताई, पिंगल चुकला नव्हता. सांधा सुटला. मुद्रा माझी आहे. सरस कच्चा आहे असं मला वाटलं होतं, तरी मी ती डागली."

रोहिणिकेचे सूप थांबले. तिने त्या मुद्रेवरून बोट फिरवले.

"का डागलीस?"

"भ्यालो. मी नाही म्हटलं असतं तर मलाही भुसा झाडायला लावलं असतं."

"तो भुसा झाडला असतास तर आज माझं माणूस जेवायला आलं असतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मला कशाला सांगतोस? तो चुकला नाही हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग."

तिने पुन्हा सूप उचलले. वेणुगुप्त नमस्कार करून निघाला.

राजाने सगळे ऐकून घेतले आणि डोळे मिटले. "वेणुगुप्ता, वज्रसेनाला मी घालवलं. लोकांचा राग निवला. आता नव्या अधिपतीचीच मुद्रा त्या पंखावर निघाली, तर हंसशाळेवर विश्वास ठेवायला उरलं कोण? दरी खोल आहे. ती बोलत नाही."

"महाराज, दरी बोलत नाही. पण हंसात बसणारा प्रत्येक जण खाली बघतो. तिथे काय पडलंय हे त्याला सांगितलं नाही, तर तो मनानेच काहीतरी बघत राहील."

"आणि लोकांनी तुला दगड मारले तर?"

"तर ते चुकीच्या माणसाला मारलेले नसतील."

राजाने त्याला अडवले नाही. दुसऱ्या दिवशी चौकात नगर जमले. वेणुगुप्ताने पंखाचे मूळ उंच धरले आणि जे दारात सांगितले तेच इथे सांगितले. शब्द वाढवला नाही, कमी केला नाही. एका म्हाताऱ्याने खरेच दगड मारला. त्याची नात पहिल्या हंसात होती. दगड खांद्याला लागला. वेणुगुप्त तसाच उभा राहिला. मग गर्दीतून सरसाच्या मडक्याने भाजलेल्या हातांची मंदारा पुढे आली.

"मी बोलले होते," ती म्हणाली. "पण माझं बोलणं वाऱ्यावर गेलं. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं, बाबा."

त्यावरून हंसशाळेत नवा नियम झाला. ज्याला शंका येईल, मग तो मुख्य सुतार असो की झाडलोट करणारी, त्याने हंसाच्या मानेला लाल फडके बांधावे. ज्याने बांधले त्यानेच ते सोडावे. तोवर हंस उडणार नाही. पंधरा दिवसांची रीत परत आली आणि मंदारा पुन्हा सरसाच्या चुलीपाशी बसू लागली.

वेणुगुप्ताने वज्रसेनालाही बोलावणे पाठवले होते. तो चौकात आला नाही. वेणुगुप्त त्याच्या घरी गेला, तेव्हा तो गवाक्षात पाठमोरा बसला होता.

"सगळ्या नगरीसमोर मला बुडवलंस," वज्रसेन म्हणाला.

"मी तुमचं नाव घेतलं नाही, आचार्य. माझं घेतलं. तुम्ही यावं एवढंच वाटत होतं."

वज्रसेनाने मान वळवली नाही. "किती सुंदर दिसायचे रे," तो हळूच म्हणाला, "सगळे एकदम सुटले की."

नवे हंस तयार झाले. वेणुगुप्त स्वतः वाळूची पोती घेऊन पलीकडे जाऊन येऊ लागला. लोक छपरांवर उभे राहून पाहत. हंस ढगांवर आपली सावली पाडीत जाई आणि संध्याकाळी सोनेरी होऊन परत येई. पण बसायला कोणी आले नाही. असे चार महिने गेले. अधूनमधून दुपारी ओसरीवर डोळा लागला, की वेणुगुप्ताला स्वप्न पडे: एक हंस दरीत पडतो आहे, पडतोच आहे, आणि तळ काही येत नाही.

मग राजाच्या बहिणीला पलीकडच्या गावी मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला. राजाने दवंडी पिटवली, की त्या दिवशी मी स्वतः हंसात बसून जाईन. मला पाहून प्रजेचे भय जाईल.

त्या सकाळी सारी नगरी कड्यावर लोटली. हंसाच्या गळ्यात झेंडूच्या माळा होत्या. खाली ढग इतके निश्चल होते, की त्यांवरून चालत जावेसे वाटावे. राजाने पायरीवर पाऊल ठेवले, तोच गर्दीतून मंदारा आली.  झेंडूच्या माळांवर तिने लाल फडके बांधले.

"उजव्या पंखाच्या सरसाला आंबूस वास येतोय," ती म्हणाली.

राजाचा चेहरा उतरला. "वेणुगुप्ता, पंधरा दिवस हा पंख टांगला होता ना?"

"होता, महाराज."

"तुला वास येतोय?"

वेणुगुप्त पंखापाशी गेला. त्याने खोल श्वास घेतला. त्याला नुसत्या लाकडाचा वास आला. त्याने राजाकडे पाहिले, गर्दीकडे पाहिले, आणि चार महिन्यांची वाट पाहणे एका फडक्यावर येऊन थांबले आहे हे त्याला दिसले.

"मला नाही येत," तो म्हणाला. "पण तिला येतोय. हंस उडणार नाही, महाराज."

"बारशाची वेळ टळेल."

"टळेल, महाराज."

 राजाने पायरीवरचे पाऊल मागे घेतले आणि तो महालाकडे चालत गेला.

चार दिवस सुतारांनी तो पंख तपासला. सांधा न उकलता कडेचा सरस खरवडला, पाण्यात घालून पाहिला, आगीवर धरून पाहिला. दोष निघाला नाही. वास होता तो सांध्याच्या कडेला कापडाखाली दबलेल्या एका ओल्या पानाचा. चौथ्या दिवशी मंदाराच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"माझं नाक चुकलं. राजाचं बारसं बुडवलं मी. आता मला कोण इथे ठेवील?"

कड्यावर लोक जमले होते. राजाही आला होता. वेणुगुप्त तिच्यापाशी गेला.

"आजी, फडकं तुम्ही बांधलंत, तुम्हीच सोडा. आणि घडी करून जवळ ठेवा. उद्या पुन्हा वास आला तर उद्याही बांधा."

"आणि पुन्हा चुकले तर?"

"तर पुन्हा चार दिवस तपासू."

मंदाराने राजाकडे भीतभीत पाहिले. राजा म्हणाला, "मुलीचं नाव माझ्यावाचून ठेवलं गेलं. पण मामा जिवंत आहे. सोड फडकं."

दुसऱ्या सकाळी वारा चढू लागला, तेव्हा काखेत गाठोडे घेतलेली एक बाई कड्यावर आली. ती रोहिणिका होती. तिची आई पलीकडे राहत होती आणि वर्षभरात तिने तिला पाहिले नव्हते.

वेणुगुप्त पुढे झाला. "ताई, तुम्ही?"

"पंखात दोष सापडला असता तर मी आले नसते," रोहिणिका म्हणाली. "दोष दिसल्यावर कोणीही थांबतं. तुला काहीच दिसलं नाही, तरी तू राजाला थांबवलंस. आणि म्हातारी चुकली, तरी तिला कोणी रागावलं नाही. ते मी पाहिलं." मग ती जरा थांबली. "तुला मी क्षमा केली असं समजू नकोस. मी हंसात बसतेय, एवढंच."

"तेवढं पुष्कळ आहे," वेणुगुप्त म्हणाला.

ती चढली. तिच्या मागून दगड मारणारा म्हातारा काठी टेकत आला. त्याच्या मागून आणखी तिघे. हंस कड्यावरून सुटला, थोडा खाली गेला, आणि मग वाऱ्याने त्याला तळहातावर घेतले. ढगांवरून त्याची सावली पुढे सरकत राहिली. पलीकडच्या कड्यावर लुगड्यांचे रंग एकत्र धावू लागलेले वेणुगुप्ताला दिसले.

ही कथा शास्त्याने, म्हणजे पुढे बुद्धत्व पावलेल्या बोधिसत्त्वाने, एका भिक्खूला उद्देशून सांगितली. त्याच्याकडे विहाराच्या बांधकामाची देखरेख होती. त्याने घाई केल्यामुळे ओली भिंत कोसळून दोन मजूर जखमी झाले होते, आणि गवंड्यानेच चुना वाईट कालवला असे तो सगळ्यांना सांगत होता.

कथा संपवून शास्ता म्हणाला, "भिक्खू, त्या वेळची मंदारा म्हणजे रोज विहाराचे अंगण झाडणारी ही वृद्ध उपासिका. रोहिणिका म्हणजे ही समोर बसलेली थेरी, ही ज्येष्ठ भिक्खुणी. राजा मणिकेतू म्हणजे ज्याने आपल्याला ही जमीन दिली तो गृहपती. वेणुगुप्त मीच होतो. आणि वज्रसेन तू होतास. त्या जन्मी तू चौकात आला नाहीस."

 भिक्खू उठला, चीवर सावरले, आणि गवंड्याच्या झोपडीची वाट विचारीत निघाला.

तो दिसेनासा होईपर्यंत शास्ता त्याच्याकडे पाहत होता. मग तो म्हणाला, "स्वतःला भोवेल हे ठाऊक असूनही बोधिसत्त्वाने जे सांगितले, ती त्याची सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."