थंडी विचारते, जेवलीस का?

पाय आत घ्या आधी. ओजस, तुझा पाय बाहेर आहे, मला अंधारातसुद्धा दिसतो. तनू, गोधडी एकटीकडे ओढू नकोस, दोघांना पुरते ती. आणि आज राजाची गोष्ट मागायची नाही. राजाला काय, दहा रजया आणि चारी कोपऱ्यांत शेगड्या. त्याला कुठली आलीये थंडी? आज ज्याला थंडी वाजते, त्याची गोष्ट.

तर एकदा काय झालं, सात टेकड्यांच्या पलीकडे उघड्या माळावर एक गाव होतं. गावाच्या अगदी शेवटाला, चिंचेच्याही पलीकडे, गजराबाईचं घर. घर म्हणजे एक खोली, एक चूल आणि पुढं एवढीशी पडवी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एक मुलगी, ती दिली तीन नद्यांपलीकडे. येते येते म्हणायची. मग नदीला पाणी असायचं, मग गाय व्यायलेली असायची, मग पोरांना खोकला व्हायचा. मुली काही मुद्दाम करत नाहीत, बरं का. पण येणं होत नाही ते होतच नाही.

गावातले लोक वाईट नव्हते हो. बायका विहिरीवर भेटायच्या. "काय गजराबाई?" म्हणायच्या. गजराबाई "बरं आहे" म्हणेपर्यंत घागर डोक्यावर घेऊन चालू लागलेल्या असायच्या. तिचं "बरं आहे" मग रहाटालाच ऐकावं लागायचं.

मग दिवाळी झाली. माळावरचं गवत पिवळं पडलं, सकाळी तोंडातून धूर निघायला लागला. गजराबाई म्हणाली, चला, थंडी यायच्या आत घर बांधून घेऊ. घर बांधायचं म्हणजे नवं नाही रे, गप्प ऐक. आहे तेच नीट आवळून घ्यायचं.

आधी तिनं शेण आणि माती कालवली आणि सगळ्या भिंती लिंपल्या, एकेक भेग बोटानं भरली. मग एक लांबडी पिशवी शिवली, तिच्यात वाळू भरली आणि दाराखालच्या फटीशी आडवी टाकली. मग अंथरूण उचललं आणि चुलीजवळच्या भिंतीला लावलं. संध्याकाळी भाकरी झाली की निखाऱ्यात एक गोल दगड ठेवायचा, तापला की फडक्यात गुंडाळून पायाशी घ्यायचा. भाकरी बाजरीची, वर तीळ, शेवटी गुळाचा खडा. दमडी खर्च नाही! नाहीतर तुमचं ते हीटर. हवा तापते आणि बिल बघून माणूस गार पडतो.

पण एक गोष्ट राहिली. गोधडी. गजराबाईची गोधडी इतकी विरली होती की दिव्यासमोर धरली तर पलीकडचा दिवा दिसे. नवी शिवायची तर आत घालायला जुनी कापडं नकोत का? आता तुम्हीच सांगा, गोधडी भरते कशी? आजोबांचं धोतर, आईची साडी, बाळाचं झबलं, काकाचा सदरा. माणसं असली की कपडे फाटतात, कपडे फाटले की गोधडी होते. एकट्या माणसाची चिंधी होणार ती किती? गजराबाईचं वर्षाला एक लुगडं फाटायचं. नवऱ्याचे सदरे तर कधीच जुन्या गोधडीत जाऊन विरून गेले होते.

मग मागायचं ना कुणाकडे, असंच ना तनू? तेच तर. त्या गावात एक समजूत होती. आपल्या घरातली चिंधी दुसऱ्याच्या घरात गेली की तिच्यामागून आपल्या घरची ऊबही जाते. म्हणून घरोघरी चिंध्यांची गाठोडी आढ्याला टांगलेली, पण कुणी कुणाला बोटभर कापड द्यायचं नाही. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. पण सगळे पाळायचे.

असो. तर सगळं आवरून गजराबाई अंथरुणावर बसली आणि तिला दिसलं, उशाशी, चिंचेच्या बाजूला, भिंतीत एक भेग राहून गेलीये. बोटभर रुंद, आरपार. तिनं चिंधीचा बोळा केला आणि आता आत कोंबणार, इतक्यात बाहेरून कुणीतरी हळूच विचारलं,

"गजरे, जेवलीस का?"

गजराबाईचा हात तसाच राहिला. तिनं दार उघडून पाहिलं. पडवीत कोणी नाही, चिंचेखाली कोणी नाही. परत आत आली, तर पुन्हा, "अगं, जेवलीस का?"

"जेवले," गजराबाई म्हणाली. "भाकरी आणि तिळाची चटणी. तू कोण गं?"

"मी थंडी," ती म्हणाली. "आजच आले माळावर. सगळी दारं बंद. तुझी भेग उघडी दिसली, म्हणून विचारलं."

तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं? तुम्हाला दिवसातून दहा वेळा विचारतात, तुम्ही वैतागता. पण गजराबाईला हे कुणी शेवटचं कधी विचारलं होतं, ते तिला आठवेना. आठवत बसली, तर डोळ्यांना पाणी आलं. मग तिनं काय केलं? हातातला बोळा उशाखाली ठेवून दिला. भेग बुजवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी थंडी आली. "जेवलीस का? भाजी काय केलीस?" गजराबाईनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा गजराबाईनं आपणहून लेकीची हकिगत सांगितली, लहानपणी ती चिंचेवरून कशी पडली आणि रडायचं सोडून चिंचाच कशी वेचत बसली. थंडी हसली की भेगेतून शीळ वाजायची. गजराबाईला दिवस कधी मावळतो असं होऊन गेलं.

पण थंडी ती थंडीच, बरं का. बोलायला आली तरी गार. रोज भेगेतून यायची ती थेट गजराबाईच्या छातीवर. मग पायाशी ठेवलेला दगड लवकर निवायला लागला. मग खोकला आला. मग ताप आला. एक दिवस थंडीनं विचारलं, "जेवलीस का?" आणि आतून उत्तरच येईना. बऱ्याच वेळानं बारीक आवाज आला, "आज चूल पेटवायला उठवलंच नाही गं."

थंडी घाबरली. "माझ्यामुळं झालं ना हे?"

"हो," गजराबाई म्हणाली. खोटं कशाला बोलेल?

"मग बुजव ना ती भेग! बोळा तर आहे तुझ्या उशाखाली."

"बुजवली तर मला विचारणार कोण?"

हे थंडीला बरोबर कळलं. ती पण एकटीच की. जाईल तिथं तिच्या तोंडावर दार लावतात. इतक्या वर्षांत तिच्याशी बोललेली ही एकच बाई, आणि ती तिच्यापायीच मरायला टेकलेली. थंडी म्हणाली, मी लांब उभी राहते. चिंचेपलीकडून बोलायला लागली, तर आवाज पोचेना. मग म्हणाली, मी थोडी कमी गार होते. तेही जमेना. ज्याचा जो स्वभाव. शेवटी तिनं विचारलं, "बाकीच्यांना ऊब कशानं येते गं?"

"गोधडीनं," गजराबाई म्हणाली, आणि ते सगळं सांगितलं, चिंध्यांचं आणि त्या समजुतीचं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बायकांनी गाठोडी सोडून चिंध्या उन्हात घातल्या होत्या, तेव्हा गावात असा वारा सुटला की बोलू नका! थंडी घरोघरच्या अंगणातून गेली आणि एकेक कापड उचलत गेली. चांगलं एकही घेतलं नाही हं. फाटकंच घेतलं, आणि एका घरचं एकच. चोर झाली तरी रीत सोडली नाही. संध्याकाळपर्यंत गजराबाईच्या पडवीत हा एवढा ढीग.

गजराबाई तापातच उठली. कुणाचं आहे, काय आहे, विचारण्याइतकी शुद्ध होती कुठं? सुईत दोरा ओवला आणि लागली टाके घालायला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. थंडी चिंचेवर बसून राहिली, भेगेपाशी आली नाही. तिसऱ्या दिवशी गोधडी झाली. गजराबाईनं अंगावर घेतली आणि घाम आला. ताप उतरला.

संपली? छे. खरी भानगड पुढंच आहे.

कापडं गेली ती गजराबाईकडे, हे गावाला कळायला किती वेळ लागतो? जो तो म्हणायला लागला, आता आपल्या घरची ऊब जाणार! पहिली आली पाटलीणबाई, तरातरा. "गजराबाई, माझ्या सासूबाईंचं हिरवं लुगडं काढ आधी! उसव म्हणते ना!"

गजराबाईनं गोधडी पुढं केली. "मला ठाऊक नव्हतं हो, पाटलीणबाई. घ्या, तुमच्या हातानं उसवा."

पाटलीणबाई खाली बसली. हिरवा तुकडा सापडला. टाका उसवायला दोऱ्याचं टोक शोधू लागली. टोक जायचं कुंभारणीच्या फडक्यात, तिथून मेंढक्याच्या पटक्यात, तिथून आणि कुठं. एक दोरा ओढला तर सगळीच गोधडी सैल व्हायची. शोधता शोधता पाय गारठले, म्हणून तिनं नकळत गोधडीत घेतले. हिरव्या तुकड्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हे नेसून सासूबाई मला पहिल्यांदा न्यायला आल्या होत्या गं." आणि मग बोलतच बसली.

मग कुंभारीण आली, फडकं मागायला. तीही टोक शोधत बसली. मग मेंढका आला, पटका मागायला. तो दारातच उभा होता, त्याला गजराबाईनं पडवीत चुलीतला निखारा नेऊन दिला, तर तो तिथंच शेकत बसला. त्या एवढ्याशा घरात त्या दिवशी चार माणसं होती. गजराबाईनं गुळाचं पाणी उकळलं, सुंठ टाकली. भांडी दोनच, आळीपाळीनं प्याले.

उजेड असतानाच पाटलीणबाई घरी पळाली आणि पहिल्यांदा चुलीच्या राखेत काडी घालून पाहिली. विस्तव लाल! मग पोरांच्या अंथरुणात हात घालून पाहिला. ऊबदार! काही म्हणजे काही गेलं नव्हतं. इतकी वर्षं उगीच गाठोडी टांगली! ती तशीच उलट्या पावली परत आली, तेही सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून. सांगून झालं, निघाली, आणि उंबऱ्यात पाय अडखळल्यासारखी थांबली.

"गजराबाई," ती म्हणाली, "बोलण्याच्या नादात विचारायचंच राहिलं. जेवलीस का गं?"

गजराबाईनं मान हलवली. नाही म्हणून. मग पाटलीणबाईनं घरून कढी आणि गरम भात पाठवला.

त्या संध्याकाळी थंडी भेगेपाशी आली. जरा लांबच राहिली. म्हणाली, "ऐकलं मी. आता विचारणारं माणूस आलं. बुजव ती भेग."

"आणि तू?"

"मला माळ आहे," थंडी म्हणाली. "बुजव, गजरे."

गजराबाईनं उशाखालचा बोळा काढला आणि रडत रडत भेगेत घातला. खोली उबदार झाली. शांतही झाली, फार शांत. पुढं गावात रीतच पडली, गोधडी शिवायची तर सात घरची कापडं आणायची. गजराबाईकडे रोज कुणी ना कुणी यायचं. लेकही आली, नदी उतरल्यावर. सगळ्यांचं बरं झालं. पण दरवर्षी माळावर पहिला गार वारा आला की गजराबाई तो बोळा काढायची, भेगेला तोंड लावायची आणि विचारायची, "आलीस का गं बाई? जेवलीस का?" थंडीला हे विचारणारं दुसरं होतंच कोण?

झालं. आता डोळे मिटा.

तुमचे बाबा फोनवर म्हणतात, आई, त्या खिडकीच्या फटीला पट्टी लावून घे, वारा येतो. लावीन रे. तुम्ही आहात तोवर बोळा घातलाय मी तिच्यात, बघितलात ना? परवा तुम्ही जाल. मग बघू.

आणि तनू, तुझा तो बाह्या आखूड झालेला फ्रॉक इथंच ठेवून जा. ओजस, तुझी ती भोकाची पँटही. सगळं नको, एकेकच. ही गोधडी आता पातळ झालीये, आणि माझ्या एकटीच्या चिंध्या होतात किती?

ओजस? ... तनू?

झोपली वाटतं.

हो गं बाई, ऐकू आलं. बोळ्यातूनसुद्धा येतो तुझा आवाज. जेवले, आज पोरांबरोबर चांगली पोटभर जेवले. तू जेवलीस का?