पाटलाची विहीर आणि जळतं चाक

फिरस्ती लोहारीण सारजा नवऱ्यासोबत रंगराव पाटलाच्या गाडीच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवायला आली. तिची लेकरं तहानली होती. पण पाटील गुरगुरला, “माझ्या विहिरीला तुमचा हात लागायचा नाही!” मिशीला पीळ अन् अकलेला गाठ, असला माणूस.

सारजानं धाव तापवायला गोवऱ्या पेटवल्या. बघायला गाव जमलं. नवराबायकोनं लालबुंद धाव चाकावर बसवली, लाकडानं पेट घेतला, तशी दोघं हात बांधून उभी.

“अगं, चाक जळतंय! पाणी ओत!” पाटील किंचाळला.

“आमचा हात चालंल व्हय विहिरीला?”

“चालंल, बाई!”

“आजच्यापुरता का कायमचा?”

“कायमचा! ओढ लवकर!”

घागरीवर घागर पडली. चर्र झालं, धाव आवळली. मग लेकरांना पोटभर पाजून सारजा म्हणाली, “पाटील, ही धाव आता निसटायची नाही. शब्द निसटला, तर गाव बघतंय.”