ठकाईनं सोडलेली टेकडी

फार वर्षांपूर्वी, आत्ताच्या म्हाताऱ्यांचे म्हातारे चावडीवर बसून तंबाखू मळत होते तेव्हा, कुसळवाडीच्या टेकडीवर कुसळांशिवाय काही टिकत नव्हतं. पावसाळ्यात गवत वीतभर वर आलं की गावची जनावरं त्यावर तुटून पडायची. बी धरायला एक काडी उरायची नाही. दसऱ्यापर्यंत टेकडी बोडकी, आणि मग पुढच्या आषाढापर्यंत गुरांच्या फासळ्या बघत बसायचं. चावडी म्हणायची, देवाची मर्जी. देवाचं एक बरं असतं, तो उलटून बोलत नाही.

त्या गावात दुखलं-खुपलं की भैरोबाला वासरू सोडायची रीत होती. वासराच्या पाठीवर गुलाल टाकायचा, "भैरोबा, तुझं तुला" म्हणायचं, दावं सोडायचं. मग त्याला कुणी बांधायचं नाही, हाकलायचं नाही. रखमाजीचे गुडघे धरले तेव्हा त्यानं घरचा गोऱ्हा असाच सोडला. त्याची सून ठकाई त्या गोऱ्ह्याला हातानं पेज पाजायची. तिला कुणी विचारलं नाही. गोऱ्हा गेला. गुडघे होते तसेच राहिले.

ठकाईकडे शेताचा एक तुकडा, चार शेळ्या आणि कपिली गाय. शेण शेताला, शेतातला कडबा गाईला, असं तिचं चाललेलं. पण कडबा संक्रांतीला संपायचा. चाऱ्याविना कपिलीनं आदल्या वर्षी गाभ टाकला. ती पुन्हा गाभण राहिली तेव्हा रखमाजी म्हणाला, "औंदा नीट न्हाई व्याली, तर हिलाबी देवाला सोडायची."

"आन् मग शेताला शेण कुणाचं घालायचं, मामंजी? भैरोबाचं?"

"लई बोलतीस."

टेकडी हिरवी झाली तशी ठकाई गुलालाची परडी घेऊन वर चढली. मुठीमुठीनं गवतावर गुलाल उधळला. "भैरोबा, तुझं तुला." खाली आली आणि चावडीसमोरून सांगत गेली, "टेकडी देवाला सोडली. बी पडंस्तवर तिकडं कुणी जनावर न्यायचं न्हाई."

बयाजी नावाचा सगळ्यात थोरला पंच ओरडला, "गवत कधी देवाला सोडत्यात व्हय गं?"

"वासरू सोडत्यात. मग गवतानं काय घोडं मारलंय?"

गुलाल पडला त्याला हात लावायचा नाही, हा नियम चावडीचाच होता. पण नियम करणाऱ्याला पळवाट आधी दिसते. बयाजी म्हणाला, देवाचं गवत देवाची जनावरं खाणारच. सोडलेली गुरं पुढं घालू, मागून आपली जातील.

टेकडीवर जायला दोन दरडींमधून एकच वाट होती. सगळ्यांत पुढं ठकाईचाच गोऱ्हा, आता वळू झालेला. वाटेत ठकाई बांधावरच्या गवताची पेंढी घेऊन उभी होती. वळूनं तिचा हात हुंगला, आणि तो तिथंच आडवा बसला. बयाजीनं काठी उगारली, आणि उगारलेलीच राहिली. देवाचा वळू. हाकलणार कसा?

असं म्हणतात, की तो बसल्या जागी वाढत गेला. श्रावणात बैलगाडीएवढा झाला, भादव्यात दोन्ही दरडींना टेकला. पाठीवर गवत उगवलं, शिंगांत होल्यांनी घरटं केलं. ठकाई रोज पेंढी आणायची, अर्धी त्याला, अर्धी कपिलीला. गावाला गुरं दावणीला बांधावी लागली, आणि चावडीवरच्यांना म्हातारपणी विळा धरून बांध कापावे लागले. रानोमाळ सांडणारं शेण पहिल्यांदा उकिरड्यात साठलं.

बयाजी येऊन विचारायचा, "पोरी, आता तरी?"

"बी पडू द्या."

दसऱ्याला बी पडलं. छातीएवढं मारवेल गवत उभं होतं. ठकाई म्हणाली, "आता कापा. डोक्यावरनं घरी न्या." वळू मात्र उठला नाही. तो दगड झाला होता, असं म्हणतात. त्याच्यावरून माणूस भारा घेऊन उतरू शकतो, जनावर चढू शकत नाही.

पुढं कपिली व्याली. कालवड झाली. रखमाजीनं दोन ताटल्या खरवस खाल्ला आणि गावभर सांगितलं, गोऱ्हा मी सोडला म्हणून हे झालं. त्यानंतर मात्र वासरू सोडायचा कुणाला धीर झाला नाही. तेही कुठं आडवं बसलं तर?

दगडाला आज शेंदूर आहे. ठकाईच्या नावानं साधा ओटा नाही. पण दसऱ्याला गावातले जाणते वहाणा काढून दगडाच्या अलीकडे उभे राहतात. पलीकडे गावातली सगळ्यात नवी सून. ते विचारतात, "ठकाई, बी पडलं का?" त्या दिवशी तिचं नाव तेच. ती गवताचा तुरा तळहातावर चोळून बघते. पडलं असेल तर पहिला विळा लावते.

मागं एका वर्षी पाऊस लांबला होता. सुनेनं तुरा चोळला आणि मान हलवली. विचारणारा तिचा सासराच होता, आणि वर गावचा सरपंच.

"अगं, मी हाय."

"व्हय. पडू द्या."

तो वहाणा हातात घेऊन परत गेला.