बी राख

एक होता राजा. त्याचं राज्य नेमक्या कोणत्या खाडीवर होतं, ते मला छातीठोक सांगता येणार नाही. ही गोष्ट ऐकली तेव्हा मी तुमच्याएवढा होतो. मधली एखादी कडी गळली असेल, एखादी माझ्याच पदरची जोडली गेली असेल. पण म्हाळसाक्का मात्र पक्की आठवते. तिचा राग एकदा ऐकला की कोणी विसरत नाही.

म्हाळसाक्का म्हणजे राजाची थोरली बहीण, बरं का. राजाचं नाव सुभान. त्यांची आई गेली तेव्हा सुभान पाळण्यात होता. मग आक्कानेच त्याला वाढवलं, चालायला शिकवलं, घोड्यावर बसवलं आणि पुढे गादीवरही बसवलं. बियाण्याच्या कोठीची किल्ली तेवढी स्वतःच्या कमरेला ठेवली. राज्य त्याचं आणि बी हिचं, अशी वाटणी. आक्का चिडली की महालावरची कबुतरं उठून देवळावर जाऊन बसत. उतू जाणारं दूध निमूट खाली बसे, असंही म्हणतात. ते खरं असेलच असं नाही.

तर एकदा काय झालं, चैत्रातल्या भर दुपारी समुद्राकडून आवाज आला. धडाम. मग थोड्या वेळाने पुन्हा धडाम. मग तिसऱ्यांदा असा, की माठातलं पाणी हिंदकळलं. राजाला वाटलं, शत्रूच्या तोफा. त्याने होड्या पाठवल्या. होड्या गेल्या तशा परत आल्या. समुद्रावर कोणी नव्हतं.

तोफा नव्हत्याच मुळी. पार समुद्रापलीकडे एक डोंगर होता आणि त्याच्या पोटात आग होती. कित्येक पिढ्या त्याने ती गिळून धरली होती. त्या दिवशी त्याचं पोट फुटलं. धूर, धोंडे, राख, सगळं आभाळात गेलं. पण हे मी सांगतोय म्हणून तुम्हाला कळलं. त्या राज्यात कोणाला कळणार?

मग सूर्य बिघडला. आधी तो हिरवा उगवला, कैरीसारखा. मग निळसर झाला. मग नुसताच पांढरा, पाण्यात पडलेल्या पापडासारखा. माणसांच्या सावल्या पडेनाशा झाल्या. संध्याकाळी मात्र पश्चिम अशी पेटायची, की क्षितिजापलीकडे कोणी गाव जाळतंय असं वाटावं.

वैशाख आला, पण उन्हाळा आला नाही. मिठागरात पाणी भरलं, ते आटेना, मीठच पिकेना. आमसुलं वाळत घातली, त्यांना बुरशी आली. आंबे झाडावर दगडासारखे राहिले आणि तसेच गळले. मग पावसाची वाट पाहिली. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. पाऊस आला तो नको तेव्हा, आणि आला तो रोपं कुजवून गेला. लोकांनी घरातलं बी दोनदा पेरलं, दोन्हीदा गेलं. आता सगळ्या राज्यात बी उरलं ते आक्काच्या कोठीत. तेवढंच. ते गेलं, तर पुढच्या वर्षी ऊन आलं काय नि पाऊस आला काय, मातीत टाकायला कोणाकडे दाणा नाही.

राजा घाबरला. घाबरलेला माणूस काय करतो? चूक कोणाची ते शोधतो. त्याला मदतीला आबाजी प्रधान होताच. आबाजीचं काम एकच, राजाच्या मनात जे असेल ते राजाच्या आधी आपण म्हणायचं. तो म्हणाला, सूर्याला धूर लागलाय. आणि धूर कोण करतं? खाडीकाठची हौसाबाई करते, चुनेवाली.

हौसाबाई शिंपले भाजून चुना करायची. तिचा आजाही करायचा. त्याच चुन्याने राजाचा महाल पांढरा झाला होता. पण राजाने पहिला हुकूम दिला. भट्टी फोडा, हिला खाडीपार हाकला.

आक्काला कळलं तशी ती तरातरा दरबारात गेली. "सुभान्या, हिच्या आज्याच्या धुराने सूर्य बिघडला नाही आणि हिच्या धुराने बिघडला होय रे?" राजा म्हणाला, आक्का, राज्याच्या कामात तू पडू नकोस. आक्काने मान फिरवली. खिडकीतून तिला हौसाबाई दिसली. कडेवर मूल, डोक्यावर बोचकं, हातात एक मडकं. ती होडीत बसली. मागे वळून एकदाही पाहिलं नाही तिने. 

सूर्य तसाच राहिला.

मग दुसरा हुकूम. राज्यातला सगळा विस्तव विझवा. लोहाराचा भाता बंद, घरची चूल बंद, देवापुढचा दिवासुद्धा बंद. आक्का म्हणाली, ठीक आहे, मग सुरुवात महालापासून. आणि तिने मुदपाकखान्यात जाऊन राजाच्या चुलीवर स्वतः घागर उपडी केली. त्या दिवशी राजाने अर्धकच्चा भात खाल्ला. बरं झालं. पण बाकीच्यांनी काय करायचं? लोकांनी भिजवलेले पोहे खाल्ले. पोहे संपले, मग खोबरं. ते संपलं, मग कच्चे कंद. पोरांची पोटं दुखू लागली. म्हातारी माणसं कुडकुडत बसली. आणि आबाजी रोज सकाळी सांगायचा, महाराज, आज सूर्य कालच्यापेक्षा बरा दिसतोय. तुम्हाला राग येतो की नाही? मला अजून येतो.

सूर्य तसाच राहिला.

मग काय झालं, दरबार भरलेला असताना खिडकीतून एक पक्षी आत येऊन पडला. अंगभर करडा. आक्काने त्याला पदराने पुसलं, तर खालून पोपटी रंग निघाला. असा पक्षी त्या मुलखात कोणी पाहिला नव्हता. आक्काने त्याच्या चोचीत पाणी घातलं. त्याने डोळे उघडले, आणि बोलला. माणसासारखा स्वच्छ बोलला, बरं का. म्हणाला, "बी राख." मग पुन्हा म्हणाला, "बी राख." तिसऱ्यांदाही तेच म्हणाला, पंख झाडले आणि आल्या खिडकीतून निघून गेला.

मग आबाजीने राजाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, कळलं, सूर्यदेव बियाण्याची राख मागतोय. राजाने मान डोलवली. त्याला राख म्हणजे चुलीतली, एवढंच ठाऊक. जन्मात त्याने स्वतः काही राखलंच नव्हतं. त्याचं सगळं दुसरेच राखत आले होते. त्याने तिसरा हुकूम दिला. कोठी उघडा आणि बी जाळा.

आक्का उठली. "अरे, राख म्हणजे सांभाळ. गुरं राखतात, शेत राखतात, तसं बी राख."

राजा म्हणाला, "सांभाळ म्हणायचं असतं, तर सांभाळ म्हणाला असता."

"आणि जाळ म्हणायचं असतं, तर जाळ म्हणाला असता की. का तेवढाच शब्द त्याला येत नव्हता?"

कोणीतरी मागे खुदकन हसलं. राजा लाल झाला. म्हणाला, हुकूम म्हणजे हुकूम. आक्का तडक खाली गेली आणि किल्लीवर हात ठेवून कोठीच्या दारात मांडी घालून बसली. बसली खरी, पण मनात धाकधूक होती. शब्दच तसला. पक्ष्याला खरंच राख हवी असली तर? आपल्या हट्टापायी सूर्य कायमचा गेला तर? जितकी शंका येई तितका तिचा राग वाढे. उठली मात्र नाही.

राजा म्हणाला, विस्तव आणा. आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. विस्तव कुठला आणणार? तो तर यांनीच विझवला होता. चकमक झाडून पाहिली. पण इतके महिने ऊन नाही, कापूस दमट. ठिणगी पडे नि विझे. दारातून आक्का म्हणाली, "शोधा. महालात नसला तर प्रधानाच्या डोक्यात बघा, तिथे बराच धूर आहे."

तेवढ्यात कोणाला तरी खाडीपार धुराची एक रेघ दिसली. हौसाबाई. जाताना हातातल्या मडक्यात तिने भट्टीतले निखारे नेले होते.

मग आधी आबाजी गेला. म्हणाला, विस्तव दे, राजाचा हुकूम आहे. हौसाबाई म्हणाली, राजाने मला राज्याबाहेर काढलंय, बाहेरच्यांना हुकूम कसला? आबाजी परत आला. मग शिपाई गेले. तिने मडकं पाण्यावर धरलं आणि म्हणाली, एक पाऊल पुढे टाकाल तर सोडून देईन. शिपाई परत आले. मग तिसऱ्यांदा राजालाच जावं लागलं.

हौसाबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. विस्तव कशाला हवा, ते मात्र विचारलं नाही. विस्तव मागायला आलेल्याला कारण विचारायचं नाही, अशी त्या गावची रीत. तिने दुसऱ्या एका मडक्यात निखारे घातले, वरून चांगली ओंजळभर राख पसरली आणि राजाच्या हातात दिलं. म्हणाली, हे तूच न्यायचंस, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि निघताना म्हणाली, "वाटेत नीट राख, राजा."

राजा होडीत बसला. मडकं हाताला चटके देत होतं. त्याने आत डोकावलं, तर वर नुसती राख. त्याला वाटलं, बाईने आपल्याला बनवलं, वर केर भरून दिला. त्याने ती राख फू फू करून सगळी खाडीत उडवली. खालचे निखारे लालबुंद फुलले. राजा खूश झाला. वारा आला, निखारे आणखी फुलले. अर्ध्या खाडीपर्यंत राजा मोठ्या ऐटीत बसला होता.

होडी काठाला लागली, तेव्हा मडक्यात काळे कोळसे.

कोठीपुढे सगळं गाव जमलं होतं. आक्का दारातच होती.

"आणलास विस्तव?"

"विझला," राजा म्हणाला.

"हौशी विस्तव देताना वर राख घालते. राखेखाली तो दिवसभर टिकतो."

"होती राख. मी फुंकून टाकली."

"कशाला?"

"मला वाटलं केर आहे. ती म्हणाली होती, वाटेत नीट राख, रा..."

आणि राजा थांबला. तोंड उघडंच राहिलं. मग त्याने तो शब्द हळूच पुन्हा म्हणून पाहिला. नीट राख.

"आक्का," तो म्हणाला, "राखायचा होता."

"हो."

"बीसुद्धा."

"हो रे, गाढवा," आक्का म्हणाली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिने किल्लीवरचा हात काढला.

पण राग एवढ्याने जात नाही, बरं का, आणि जाऊही नये. राजा तिच्या पाया पडायला वाकला, तर तिने पाय मागे घेतले. म्हणाली, माझ्या नको, खाडीपार जा. मग राजा तसाच परत गेला. हौसाबाईला घेऊन आला. फोडलेली भट्टी त्याने स्वतः बांधली आणि आबाजीने शिंपल्यांच्या पाट्या वाहिल्या. हौसाबाईच्या मडक्यातून घरोघर एकेक निखारा गेला. चुली पेटल्या. पोरांनी किती दिवसांनी उरल्यासुरल्या कण्यांची ऊन ऊन पेज प्यायली.

मग आक्काने घरोघरच्या चुलींतली राख गोळा केली. ती बियाण्यात मिसळली आणि कणग्या भरल्या, म्हणजे कीड लागत नाही. पुढचे महिने कठीण गेले. लोकांनी करांद्याचे कंद उकडून खाल्ले, फणसाच्या आठळ्या खाल्ल्या, मिळतील ते मासे खाल्ले. राजानेही तेच खाल्लं. आक्का त्याच्या ताटाकडे बघत बसायची. कोठीतल्या दाण्याला मात्र कोणी हात लावला नाही.

मग दुसरा वैशाख आला. एका सकाळी आक्का अंगणात उभी होती आणि पायाशी तिला स्वतःची सावली दिसली. काळीभोर. मिठागरं पांढरी झाली. पाऊस वेळेवर आला. बी पेरलं, आणि ते उगवलं.

मग राजा सुखाने नांदला, हौसाबाई नांदली, आक्का रागावत रागावत खूप वर्षं जगली. समुद्रापलीकडचा डोंगर निजला, आता तुम्हीही निजा. पाय पोटाशी घ्या, डोळे मिटा.

पक्षी बोलला की नाही, याची हमी मी देत नाही. पण एक गोष्ट मी पुढे पुष्कळ वर्षांनी पुस्तकांत दोनदा ताडून पाहिली आणि ती खरी निघाली. असा मोठा डोंगर फुटला, की त्याचा धूर पावसाच्या ढगांच्याही वर जाऊन बसतो. तिथे त्याला धुवायला पाऊस नसतो. म्हणून वर्ष-दोन वर्षं सगळ्या पृथ्वीवरचं ऊन मंदावतं, पाऊस मागेपुढे होतो, आणि त्यात चुना भाजणाऱ्या कोणाचाही काही दोष नसतो.