मधल्या पंख्याखालची जागा

मिरजेच्या एका वाचनालयात मधल्या पंख्याखालची खुर्ची अध्यक्ष अप्पासाहेबांची. चुकून कुणी नवा वाचक तिथे टेकला, की ते असा घसा खाकरत की बिचारा उठून भिंतीला जाऊन चिकटे.

ग्रंथपाल हेमांगीताईंनी हौसेने एक जुनी काचेची टाकी आणली, व्हिनेगरने घासून लख्ख केली, दगड रचले आणि सिक्लिड जातीचे नवे रंगीत मासे सोडले. पण टाकीबरोबर आलेला थोरला निळा मासा मधल्या कपारीत ठाण मांडून बसला आणि नव्यांना सळो की पळो करून सोडू लागला.

"वाचनालयात दंगल? संध्याकाळपर्यंत थांबली नाही, तर टाकी भंगारात!" अप्पासाहेब गरजले.

हेमांगीताईंनी त्या माशाकडे पाहिलं, मग पंख्याखालच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि बाह्या सरसावल्या.

संध्याकाळी अप्पासाहेब आले, तर मासे गुण्यागोविंदाने फिरत होते.

"त्या थोरल्याला काय केलंत?"

"त्याला हातही लावला नाही. दगड तेवढे इकडचे तिकडे केले. आता आपली जागा कुठली हेच त्याला कळेना, मग दुसऱ्याला हाकलणार कुठून?"

"वा, काय डोकं चालवलंत!" म्हणत अप्पासाहेब वळले आणि थबकले. खोलीतल्या सगळ्या खुर्च्या नव्याने मांडलेल्या, पंख्याखाली नवे वाचक ऐसपैस बसलेले.

"अहो, यातली माझी खुर्ची कुठली?"

"दुपारी तोही अगदी असाच बघत होता, अप्पासाहेब!"

अख्खं वाचनालय हसलं. सगळ्यांत मोठ्याने हसले ते अप्पासाहेबच, दाराजवळच्या स्टुलावर टेकता टेकता.