दोन बाजूंचा बंधारा

फार पूर्वी वेत्रा नदीच्या दोन्ही काठांवर वसलेल्या मल्लिकानगरात पुष्पकेतू राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका अमात्याच्या घरी जन्म घेतला होता. वडिलांच्या मागे तो स्वतः अमात्य झाला आणि राजसेवेतच त्याचे केस पिकले.

त्या नगराला सारे काही होते. सुपीक जमीन होती, हुशार कारागीर होते आणि राजा प्रेमळ होता. फक्त सभेत दोन पक्ष होते. पूर्वकाठचे लोक राजाच्या उजवीकडे बसत, पश्चिमकाठचे डावीकडे. पूर्वेने दिवस म्हटले की पश्चिमेने रात्र म्हणायचे, ही तिथली रीतच पडली होती. मत देण्यासाठी सभेत काळ्या आणि पांढऱ्या काड्या वाटल्या जात. पुढे पुढे तर प्रश्न ऐकायच्या आधीच लोक काड्या उचलून मोकळे होऊ लागले. समोरचा काय म्हणतो हे कळले की पुरे, आपण काय म्हणायचे ते आपोआप ठरत असे.

दर उन्हाळ्यात वेत्रा आटायची आणि बायकांना कोसभर लांबून पाणी आणावे लागायचे. म्हणून एका वर्षी नदीला दगडी बंधारा घालायचे ठरले. यावर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत झाले आणि राजाला इतका आनंद झाला की त्याने सभेत लाडू वाटले. लाडू संपेपर्यंत एकमत टिकले. मग पूर्वकाठचा पुढारी भद्रक म्हणाला की बंधारा नदीतल्या हत्तीखडकाच्या वरच्या अंगाला हवा. त्याबरोबर पश्चिमकाठचा पुढारी रोहक उठला आणि खालच्याच अंगाला हवा म्हणून अडून बसला. काड्या मोजल्या, त्या सारख्याच भरल्या.

राजाला कुणाचे मन मोडवत नसे. तो म्हणाला, "मग आपापल्या काठापासून आपापल्या मनाप्रमाणे बांधा. मधोमध भेटालच." बोधिसत्त्वाने हात जोडून सांगून पाहिले की दोन रेषा अशा भेटत नसतात, पण सभा खूश होती. ज्याला त्याला आपलेच खरे झाल्यासारखे वाटत होते.

दोन्ही पक्ष इरेला पेटून कामाला लागले आणि हे सांगायलाच हवे की दोघांनीही काम उत्तम केले. उन्हाळा सरता सरता दोन भिंती नदीच्या मधोमध येऊन पोहोचल्या, एक खडकाच्या वर आणि एक खाली. अबोला धरलेल्या जावांसारख्या त्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मध्ये एक घर मावेल एवढी फट राहिली. भद्रक म्हणाला, आमची भिंत पुरी झाली, त्यांची वाकडी गेली. रोहकानेही तेच सांगितले.

त्या फटीतून सुटणारे पाणी जिथे जाऊन धडकणार, तिथेच काठच्या उतारावर कुंभारवाडा होता. तिथली खेमा नावाची कुंभारीण एके दिवशी हातापायांच्या मातीसकट सभेत आली. दोन्ही भिंतींनी अडवलेली नदी आता त्या एका फटीतून सुटणार, आणि पहिला मोठा लोंढा आमच्या घरांवर येणार, असे तिने सांगितले. उजवीकडचे म्हणाले, हे डावीकडच्यांना विचार. डावीकडचे म्हणाले, उजवीकडच्यांना विचार.

खेमाने दोन्हीकडे पाहिले. "विचारीन की," ती म्हणाली. "पण लोंढा दारात येईल तेव्हा आधी त्याला विचारू का, बाबा रे, तू कुठल्या बाजूचा?"

एवढे बोलून ती निघून गेली. त्या रात्री बोधिसत्त्वाला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भद्रक त्याच्या घरी आला. आमचीच रेषा बरोबर होती एवढे अमात्यांनी सभेत सांगावे, पुढचे महामात्यपद त्यांचेच, असे त्याने सुचवले. तो बोलत असतानाच रोहकही नेमके तेच बोलायला दारात हजर झाला. दोघे एकमेकांना पाहून ओशाळले. बोधिसत्त्वाने दोघांना एका पंगतीला बसवून आंबोळ्या खाऊ घातल्या.

"मी एकाला बरोबर म्हटलं, तर दुसरा बारा वर्षं फटीला हात लावणार नाही," तो म्हणाला. "आणि खेमाकडे बारा दिवसही नाहीत. मला पद नको. मी आपला फट बुजवायला जातो."

आणि तो खरेच गेला. डोक्याला फडके गुंडाळून, कमरेला उपरणे खोचून तो म्हातारा नदीपात्रात उतरला आणि एका भिंतीच्या टोकापासून दुसऱ्या टोकाकडे तिरक्या रेषेत दगड रचू लागला. त्याची बायको चंदा दुपारी भाकरी घेऊन आली. तिने ते रचलेले दगड पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही सभेतच बरे होता," ती म्हणाली आणि पदर खोचून चिखल कालवायला बसली.

बोधिसत्त्व ज्ञानी होता, दयाळू होता, पण गवंडी मुळीच नव्हता. त्याचे दगड डुगडुगत. सकाळी रचलेले संध्याकाळी गडगडत. कुंभारवाड्यातली माणसे मदतीला आली, पण त्यांचा हात मडक्यांवर बसलेला, दगडांवर नव्हे.

दोन्ही पक्षांनी आपापली माणसे भिंतीवर पाळतीला बसवली होती, अमात्य दुसऱ्या बाजूला झुकतो की काय ते पाहायला. त्यांनी बातमी नेली की झुकणे राहू द्या, इथे दगडच उभा राहत नाही. तेव्हा भद्रक स्वतः पाहायला आला. आपल्या घडीव, ताशीव, देखण्या भिंतीच्या टोकाला ते ओबडधोबड गचाळ काम चिकटलेले पाहून त्याला राहवेना. तो वरूनच सूचना करू लागला.

"बाबा, उंटावरून शेळ्या हाकून भिंत होत नाही," बोधिसत्त्व घाम पुसत म्हणाला. "खाली ये आणि दाखव."

भद्रक खाली आला. केवळ आपल्या भिंतीची शोभा जाऊ नये म्हणून, असे त्याने चारचौघांना ऐकू जाईल असे सांगितले. संध्याकाळी रोहकाने पाहिले की पूर्वेकडचे टोक सुबक झाले आहे आणि आपल्याकडचे तसेच डुगडुगते आहे. हे त्याला कसे सोसणार? उजाडताच तो आपले पाथरवट घेऊन हजर झाला. आपले टोक अधिक सुबक करण्याच्या नादात दोन्ही टोळ्या मध्याकडे सरकू लागल्या. मग एकाकडे चुना संपला तो दुसऱ्याने दिला, आधी आपटून आणि नंतर सरळ हातात. दुपारच्या भाकऱ्या एकाच सावलीत सुटू लागल्या, कारण तिथे सावलीच एक होती. कुणीतरी गाणे धरले आणि दोन्हीकडून त्याला साथ मिळाली.

आकाश भरून आले तेव्हा एक दगड राहिला होता. तो एका टोळीला उचलेना. भद्रकाने एका बाजूने हात घातला, रोहकाने दुसऱ्या. दगड जागेवर बसला, खेमाने दगडांमधल्या दर्जेत चिखल भरला आणि मग दोघांच्या लक्षात आले की शेवटचा दगड कुणाचा यावर भांडायचे राहूनच गेले. रोहक आधी हसला. भद्रकाने थोडा वेळ हसू दाबून धरले, पण मग त्यालाही ते आवरेना.

पाऊस कोसळला. नदी फुगली, बंधाऱ्याला धडकली आणि त्या वाकड्या सांध्याशी रात्रभर झुंजली. सांधा हलला नाही. पहाटे खेमाच्या अंगणात पुराच्या पाण्याचा थेंब नव्हता. तिने भट्टी लावली आणि पहिल्या भाजणीचे मडके त्या सांध्यावर नेऊन ठेवले, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी प्यायला.

मल्लिकानगरातली भांडणे काही थांबली नाहीत. पण प्रश्न पुरा ऐकल्याशिवाय काडी उचलायची नाही, असा नियम झाला आणि तो दोन्ही बाजूंनी एकमताने झाला. अवघड प्रश्न आला की सभा त्या वाकड्या सांध्यावर भरू लागली. तिथून दोन्ही काठ दिसत.

कित्येक जन्मांनंतर विहाराचे कोणते दार उघडे ठेवावे यावरून दोन भिक्षू आणि त्यांचे दोन गट भांडत होते, त्यांना शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा सांगितली. तेव्हा एकाने भीतभीत विचारले, "भगवन्, ते अमात्य मुद्दामच दगड वाकडे लावत होते ना?"

शास्ता हसला. "नाही रे. मला ते खरंच येत नव्हतं."

मग त्याने सांगितले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद, चंदा म्हणजे राहुलमाता. खेमा आज भिक्षुणीसंघात आहे. भद्रक आणि रोहक तुम्ही दोघे, आणि तो अमात्य मी होतो."

ते दोन्ही भिक्षू उठले. त्यांनी विहाराची दोन्ही दारे उघडली आणि वारा आरपार वाहू लागला. त्या जन्मी बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला नेलेला गुण म्हणजे मैत्री.